कॉफी मेकर गुरगुरतो, वाफ सोडतो आणि अर्धं पाणी टाकीतच ठेवतो: दर दोन-तीन महिन्यांनी येणारा प्रॉब्लेम

हा प्रॉब्लेम मी इतक्या वेळा सोडवलाय की आता मशीन चालू केल्यावर नुसत्या आवाजावरून अंदाज येतो. घरचं मशीन, बहिणीचं, शेजारच्या काकूंचं, ऑफिसच्या पॅन्ट्रीतलं, सगळीकडे तक्रार तीच, "पहिल्यासारखं चालत नाही". आणि बहुतेक जण ह्याच पायरीवर नवीन मशीन घ्यायला निघतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण दहापैकी आठ-नऊ वेळा ते मशीन बिघडलेलं नसतं, आतून तुंबलेलं असतं.

मी साध्या ड्रिप कॉफी मेकरबद्दल लिहितोय. मागे पाण्याची टाकी, वर फिल्टरची बास्केट, खाली काचेचा जग आणि जगाखाली गरम प्लेट, असं जे मशीन असतं ते. कॅप्सूलच्या आणि एस्प्रेसोच्या मशीनमध्ये पंप असतो, त्यांचं गणित वेगळं, इथलं सगळं तिथे लावू नका.

लक्षणं काय दिसतात

सुरुवातीला फक्त वेळ वाढतो आणि ते लक्षातच येत नाही, कारण रोज थोडं थोडं वाढतं. मग आवाज बदलतो. चांगल्या मशीनमध्येही टाकी रिकामी होत आली की शेवटी गुरगुर होते, वाफ येते, ते नॉर्मल आहे, पण तीच गुरगुर पहिल्या-दुसऱ्या मिनिटापासून चालू असेल आणि कॉफीपेक्षा वाफच जास्त येत असेल तर ते लक्षण. त्यानंतर कॉफी कोमट यायला लागते, चवीला पातळ आणि आंबटसर, आणि माणूस पावडरला दोष देऊन ब्रँड बदलतो. शेवटची पायरी म्हणजे लाइट चालू, प्लेट गरम, पण टाकीत दोन-तीन बोटं पाणी तसंच. काही मशीनमध्ये टाकीच्या तळाशी बुडबुडे येताना दिसतात. काहींच्या जगात पांढरे पापुद्रे उतरतात. ह्यातली दोन लक्षणं जरी जुळली तरी पुढचं वाचा.

आत नक्की काय होतं

हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढचे चेक का करायचे ते कळणार नाही. ह्या मशीनमध्ये पंप नसतो. टाकीच्या तळाच्या भोकातून पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, एका छोट्या एकमार्गी व्हॉल्व्हमधून जातं आणि घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या धातूच्या नळीत येतं. ही नळी आणि हीटर एकमेकांना चिकटलेले असतात, तोच हीटर वरची प्लेटही तापवतो. नळीत पाणी उकळायला लागलं की वाफेचे बुडबुडे होतात, ते पाण्याला ढकलत वर नेतात आणि पाणी बास्केटवर पडतं. मागच्या बाजूला म्हणजे टाकीत ते परत जाऊ नये ह्याची काळजी तो व्हॉल्व्ह घेतो. बस, एवढंच मशीन.

आता पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतं आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन भिंतीला चिकटतं, बादलीत किंवा गिझरमध्ये दिसतो तोच पांढरा थर. फक्त इथे नळी बोटापेक्षा बारीक असते. थर वाढला की दोन गोष्टी एकदम होतात, पाण्याला जायला जागा कमी पडते आणि हीटरची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. मग हीटर स्वतःच जास्त तापतो, थर्मोस्टॅट टक् करून करंट तोडतो, थोड्या वेळाने परत जोडतो, परत तोडतो. म्हणजे हीटर अर्धा वेळ बंदच राहतो, म्हणून कॉफीला वेळ लागतो. पाणी अजून टाकीत असताना सारखा टक्-टक् आवाज येत असेल तर हेच चाललंय असं समजा.

पहिला चेक: घड्याळ लावा

खर्च शून्य. बास्केटमध्ये पावडर न घालता टाकीत एक लिटर पाणी भरा, चालू करा आणि शेवटचा थेंब पडेपर्यंतचा वेळ मोजा. मशीनच्या खाली स्टिकरवर वॅट लिहिलेले असतात. समजा ९०० वॅट आहेत, तर एक लिटर पाणी २५ अंशांवरून ९३ अंशांवर न्यायला साधारण २८५ किलोज्यूल लागतात आणि ९०० वॅटचा हीटर ते सव्वापाच मिनिटांत देतो. थोडी उष्णता वाया जाणारच, म्हणून सहा-सात मिनिटं धरा. तुमचं मशीन दहा-बारा मिनिटं घेत असेल तर काहीतरी अडलंय हे नक्की. ६०० वॅटचं मशीन असेल तर मुळातच आठ मिनिटांच्या आत होणार नाही, तो दोष नाही. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, नंतर उपयोगी पडतो.

पावडर न घालता मोजायचं कारण असं की अडथळा पाण्याच्या वाटेत आहे की बास्केटमध्ये, ते लगेच वेगळं होतं. नुसतं पाणी झरझर आलं आणि पावडर घातल्यावरच अडतंय, तर मशीनच्या आत काही झालेलं नाही, सरळ बास्केटच्या चेकवर जा.

प्लग आणि व्होल्टेज

मशीन एक्स्टेंशन बोर्डावर असेल तर काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा आणि परत वेळ मोजा. हे उगाच सांगत नाहीये, हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडलं तर पॉवर जवळपास १९ टक्के पडते. संध्याकाळी कॉफी कोमट आणि पहाटे कडक गरम, असं होत असेल तर मशीन निर्दोष आहे.

परदेशातून कोणी आणून दिलेलं मशीन असेल तर स्टिकर नक्की बघा. २३० व्होल्टचं मशीन १२० व्होल्टवर लावलं तर जेमतेम चौथा हिस्सा पॉवर मिळते, कॉफी कधीच गरम येणार नाही. आणि उलटं, १२० व्होल्टचं मशीन २३० वर लावलं तर पॉवर साडेतीनपटीच्याही वर जाते आणि आतला फ्यूज उडतो, म्हणून ते प्रयोगापुरतंही लावून बघू नका.

पाच मिनिटं चालल्यावर स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनांना हात न लावता प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हात लावून बघा. चांगलाच गरम लागला तर सॉकेट ढिला आहे, तो आधी बदलून घ्या.

टाकी

काढता येणारी टाकी असेल तर तिच्या तळाला स्प्रिंगची झडप असते, टाकी पूर्ण खाली बसली तरच ती उघडते. टाकी बाहेर काढून परत दाबून बसवा. आत शेवाळाचा बुळबुळीत थर, कॉफीचे कण, जाळी तुंबलेली, असं काही असेल तर साफ करा. आणि मॅक्सच्या रेषेच्या वर पाणी भरू नका, बऱ्याच मशीनना मागे त्याच उंचीवर एक भोक ठेवलेलं असतं, जास्तीचं पाणी तिथून ओट्यावर येतं आणि "मशीन गळतंय" अशी तक्रार होते. माझ्या बहिणीने ह्याच कारणासाठी मशीन दोनदा सर्व्हिसला नेलं होतं आणि दोन्ही वेळा "फॉल्ट सापडला नाही" म्हणून परत आलं.

टाकीत फक्त साधं गार पाणी घालायचं. दूध नाही, साखरेचं पाणी नाही, आधी केलेली कॉफी परत गरम करायला म्हणून तर अजिबात नाही. दूध नळीत करपलं की तो थर कुठल्याही आम्लाने नीट सुटत नाही, असं मशीन मी आजवर एकदाही पूर्ण बरं करू शकलो नाही.

बास्केट आणि पावडर

पावडर फार बारीक असेल तर पाणी खाली उतरत नाही, बास्केट वरून भरून वाहते आणि जगात गाळ येतो. ड्रिपला मध्यम जाडीची पावडर लागते, बोटांत चोळली तर जाड वाळूसारखी लागली पाहिजे, मैद्यासारखी नाही. चिकोरी मिसळलेली पावडरही पाणी धरून ठेवते. फिल्टर पेपर एका बाजूने दुमडून खाली पडला की तेच होतं, म्हणून आधी त्याची शिवण घडी घालून पेपर नीट बसवा.

बास्केटच्या खाली एक छोटं बटण असतं, जगाच्या झाकणाने ते वर ढकललं गेलं की कॉफी खाली पडते, जग काढला की बंद होते. त्यात कॉफीचं तेल साठून ते चिकटतं. बोटाने चार-पाचदा दाबून बघा, झटकन परत आलं पाहिजे. येत नसेल तर गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण लावून जुन्या टूथब्रशने घासा. आणि जग मशीनचाच असू द्या, मूळ जग फुटल्यावर दुसरा कुठलातरी जग ठेवला की झाकणाची उंची जुळत नाही आणि बटण अर्धवटच दाबलं जातं.

वरची भोकं

पाणी जिथून पावडरवर पडतं तिथे बारीक भोकांची चकती असते. प्लग काढून, मशीन गार झाल्यावर टॉर्च मारून बघा. पांढरे ठिपके दिसले तर टूथपिकने साफ करा. सुई किंवा पिन नको, भोक मोठं झालं की पाणी एकाच जागी पडतं आणि बाकीची पावडर कोरडी राहते. इथे पांढरं दिसलं म्हणजे आत त्याच्या कितीतरी पट जास्त आहे.

हवा अडकली असेल तर

मशीन महिनाभर बंद होतं, किंवा पाणी संपल्यावरही चालू राहिलं, आणि आता पाणी भरूनही थेंब येत नाही, तर बऱ्याचदा नळीत हवा अडकलेली असते. बंद करा, प्लग काढा, अर्धा तास पूर्ण गार होऊ द्या. मग टाकी अर्धी भरून मशीन दोन्ही हातांनी धरून सिंकवर हळूहळू पुढेमागे, डावीउजवीकडे तिरकं करा, टाकीच्या तळातून एक-दोन मोठे बुडबुडे आले की काम झालं. इलेक्ट्रिकच्या भागावर पाणी सांडलं तर दिवसभर वाळल्याशिवाय लावू नका. गरम मशीनवर हा प्रयोग कोणी करू नका, आतली वाफ वरून उसळते आणि हात भाजतो.

डिस्केलिंग, खरा इलाज

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर आता क्षार काढायचे. कंपनीची पुस्तिका असेल तर आधी ती बघा, काही कंपन्या रबराच्या भागांमुळे व्हिनेगर वापरू नका म्हणतात, मग त्यांचंच डिस्केलर वापरा. टाकीत चारकोलचा फिल्टर असेल तर तो काढून ठेवा, नाहीतर आम्ल त्यातच मुरेल.

मी सायट्रिक अॅसिड वापरतो, म्हणजे लिंबूसत्त्व, एक लिटर पाण्याला २० ग्रॅम. पूर्ण विरघळू द्या, खडे टाकीत जायला नकोत. व्हिनेगर वापरायचं तर पांढरं, निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी, पण त्याचा वास नंतर बरेच दिवस रेंगाळतो, म्हणून माझी पसंती लिंबूसत्त्वाला. जास्त घातलं की लवकर होईल असं नाही, फार तीव्र आणि गरम द्रावणात कॅल्शियमचं सायट्रेट तयार होऊन तेच नळीत बसू शकतं.

टाकी भरा, चालू करा, साधारण तिसरा हिस्सा जगात आला की बंद करा. आता अर्धा तास हात लावू नका. हा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका तोच गाळतात, सगळं द्रावण एका दमात काढून टाकतात, ते नळीतून दोन-चार सेकंदांत निघून जातं, थर विरघळायला वेळच मिळत नाही आणि मग म्हणतात डिस्केलिंग करूनही फरक पडला नाही. अर्ध्या तासाने परत चालू, परत तिसरा हिस्सा, परत अर्धा तास, मग उरलेलं सगळं. रात्रभर मात्र ठेवू नका, ती नळी बऱ्याचदा अॅल्युमिनियमची असते आणि आम्ल तिलाही खातं. आणि डिस्केलिंगच्या आसपास ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात नको, आम्लात ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू होतो.

मग साध्या पाण्याच्या तीन टाक्या काढा. पहिल्या पाण्यात पांढरे पापुद्रे येतील, ते आले म्हणजे चांगलं झालं. तिसऱ्या टाकीचं पाणी गार करून चाखून बघा, आंबट लागलं तर अजून एक.

शेजारच्या काकूंचं मशीन मी असंच केलं. त्यांनी ते भंगारात द्यायचं म्हणून गॅलरीत ठेवलं होतं, मला म्हणाल्या, "अरे, पाच वर्षं झाली, आता संपलं ते." मी म्हटलं, "काकू, एक दिवस माझ्याकडे राहू द्या." एक लिटरला एकोणीस मिनिटं लागत होती आणि शेवटी दोन बोटं पाणी उरत होतं. पहिल्या राउंडला जवळपास काहीच निघालं नाही, पाणी नुसतं गढूळ आलं. दुसऱ्या राउंडच्या मध्यावर आवाज बदलला, आधी कोरडी फुरफुर होती ती भरीव झाली, पाण्याची खळखळ ऐकू यायला लागली, आणि जगात नखाएवढे पातळ, एका बाजूने वळलेले पापुद्रे उतरले. एक बोटांत धरून बघितला तर आतल्या बाजूला नळीची गोलाई जशीच्या तशी उमटलेली होती. तिसऱ्या राउंडनंतर वेळ आला साडेसात मिनिटं. त्या मशीनमध्ये एकही पार्ट बदलला नाही.

म्हणून जुनं मशीन असेल तर एका राउंडवर निकाल लावू नका. दोन-तीन वेळा करा, दर वेळी घड्याळ लावा. वेळ कमी होत असेल तर चालू ठेवा, दोन राउंड सलग तेवढाच राहिला तर आता क्षार हे कारण उरलं नाही.

डिस्केलिंगनंतरही टाकीत बुडबुडे

मग बहुतेक तो एकमार्गी व्हॉल्व्ह. त्याच्यात छोटी गोळी किंवा सिलिकॉनची पाकळी असते, तिच्याखाली एखादा पापुद्रा अडकला की ती बंद होत नाही, वाफ पाण्याला वर ढकलण्याऐवजी मागे टाकीत ढकलते. डिस्केलिंगनंतर लगेच हे सुरू झालं तर सुटलेला पापुद्राच तिथे अडकलाय. गार मशीनमध्ये टाकीच्या तळाच्या भोकावर मोठी, सुई नसलेली सिरिंज किंवा दाबून पाणी ओढायचा-सोडायचा रबरी फुगा टेकवून पाणी जोरात आत सोडा आणि ओढून घ्या, पाच-सहा वेळा, बऱ्याचदा कचरा निघून येतो. काही मशीनमध्ये हा व्हॉल्व्ह वरून दिसतो, काहींमध्ये खालच्या नळीत असतो. वरून जमेल तेवढं आपलं.

इथे थांबा

तळाचे स्क्रू खोलायची वेळ आली की माझा सल्ला स्पष्ट आहे, रिपेअरवाल्याकडे द्या. वॉरंटी असेल तर खोलल्यावर ती जाते, पण खरं कारण ते नाही. आत हीटरला चिकटून थर्मल फ्यूज असतो, थर्मोस्टॅट अडकून राहिला आणि हीटर बेफाम तापला तर करंट कायमचा तोडायला. तो उडाला की मशीन एकदम मेल्यासारखं होतं, लाइट लागला तरी प्लेट गार. काही जण तिथे वायरचा तुकडा जोडून मशीन "चालू" करून देतात. असं मशीन घरात ठेवू नका, पुढच्या वेळी हीटर तापत राहिला तर त्याला थांबवायला आत काहीच उरलेलं नसतं आणि बाहेरचं सगळं प्लास्टिक आहे. रिपेअरवाल्याला सरळ विचारा, "फ्यूज त्याच रेटिंगचा नवीन टाकला का?"

पुढच्या गोष्टी दिसल्या तर वरचा एकही चेक न करता प्लग काढा आणि मशीन बाजूला ठेवा. मशीन लावलं की एमसीबी किंवा आरसीसीबी (घरच्या मेन बोर्डातले आपोआप पडणारे सुरक्षा स्विच) ट्रिप होतो. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. जळका वास येतो किंवा तळाचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालंय. तळातून पाणी येतंय, आणि हे मॅक्सच्या भोकातून नाही ह्याची खात्री झालीय. वायर मशीनमध्ये शिरते तिथे कडक किंवा चिरलेली आहे. पाणी आणि करंट एकत्र असलेली ही वस्तू आहे, तिथे "एकदा लावून बघू" नको.

परत परत का येतो

कारण क्षार रोज येतच असतात, इलाज एकदाच केला जातो. पाण्याचा जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात, लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर पाणी मऊ, १२० च्या पुढे जड, १८० च्या पुढे फारच जड धरतात. बोअरचं पाणी बऱ्याचदा जड निघतं. मऊ पाण्याला तीन-चार महिन्यांतून एकदा डिस्केलिंग पुरतं, फार जड पाण्याला दर महिन्याला लागतं. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात एकूण किती विरघळलंय ते दाखवणाऱ्या मीटरवर, फार विसंबू नका, तो मीठसुद्धा मोजतो आणि मिठाने नळी तुंबत नाही. कॅलेंडरपेक्षा घड्याळ बरं, साफ मशीनचा वेळ मी चिकटपट्टीवर लिहून तळाला लावतो, आणि त्यावर दीड-दोन मिनिटं वाढली की लिंबूसत्त्व काढतो. काकूंच्या मशीनला साडेसात मिनिटांची पट्टी लावलीय, आता त्या स्वतःच मोजतात.

मशीन दुरुस्तीला द्यायचंच झालं तर नुसतं "चालत नाही" म्हणून देऊ नका. एक लिटरला किती मिनिटं लागतात, डिस्केलिंग किती वेळा केलं, टाकीत बुडबुडे येतात का, टक्-टक् ऐकू येतो का, हे चार मुद्दे चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवा. रिपेअरवाल्याचा अर्धा तास वाचतो आणि उगाच हीटर बदलला जात नाही.